धिंगरी अळंबी: त्यात काय आहे, किती आहे आणि ताटात येईपर्यंत ते कसं टिकवायचं

मागच्या पावसाळ्यात आमच्या बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद केली. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं की ऑयस्टर मशरूममध्ये, म्हणजे धिंगरीत, त्याच जातीचं औषध निसर्गतःच असतं. झालं. तलावपाळीला सकाळची चक्कर मारून येताना रोज हातात एक पाकीट, आणि गोळ्यांची पट्टी टीव्हीखालच्या खणात. आम्हाला पत्ता लागला तो तीन महिन्यांनी, रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, चांगलंच चढलं होतं.

मी चिडले खरी, पण तो मेसेज शोधून वाचला तेव्हा थबकले. कारण तो धडधडीत खोटा नव्हता. या अळंबीत लोव्हास्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं एक औषध, खरोखरच सापडतं. फक्त 'सापडतं' आणि 'पुरतं' यांच्यातलं अंतर त्यात कुणी लिहिलं नव्हतं. मग मी जरा खोलात शिरले. आता आमच्याकडे धिंगरी आठवड्यातून दोनदा होते आणि गोळी रोज रात्री. हे दोन्ही का, आणि धिंगरी आणल्यापासून खाईपर्यंत काय काय करायचं, ते सांगते.

आधी ओळख

बाजारात नुसतं 'मशरूम' म्हटलं की भाजीवाला बटणाची डबी पुढे करतो. धिंगरी वेगळी. पंख्यासारखी किंवा शिंपल्यासारखी पसरट टोपी, देठ मधोमध नसून एका बाजूला, आणि टोपीखालच्या बारीक पापुद्र्यांच्या रेघा देठावर उतरत गेलेल्या. शेतीच्या पुस्तिकांमध्ये तिला 'धिंगरी अळिंबी' म्हणतात, मॉलमध्ये 'ऑयस्टर', आणि आमच्या मजल्यावरच्या आगरी काकू सगळ्यांनाच सरसकट 'अळंबी'. पांढरी, करडी आणि गुलाबी अशा तीन रंगांत ती मिळते. गुलाबी दिसायला फार देखणी, पण सगळ्यांत लवकर उतरते. ती आणली तर त्याच दिवशी कढईत गेली पाहिजे.

बटणाला वाढताना १४ ते १८ अंशांचा गारवा लागतो, म्हणजे आपल्याकडे वातानुकूलित खोली आली. धिंगरी २० ते ३० अंशांत, भरपूर दमट हवेत, भाताच्या पेंढ्यावर वाढते. ठाणे, पालघर, रायगड हा तर भाताचाच पट्टा. त्यामुळे छोट्या शेडमध्ये पिशव्या टांगून ती घेणारे लोक आपल्या जवळपास असतात. ताजी धिंगरी मिळण्यात याचा मोठा फायदा, कारण ही भाजी प्रवास सोसत नाही.

पहिली पायरी: निवडणं

ठाण्यात गावदेवी मंडईत आणि जांभळी नाक्याला विचारून ठेवायचं की माल कुठल्या वारी येतो. रोज येईलच असं नाही, आणि आलेल्या दिवशीची आणि तिसऱ्या दिवशीची धिंगरी यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. नवी मुंबईत राहणाऱ्यांना तुर्भ्याचा घाऊक बाजार जवळ; पण दोनशे ग्रॅमसाठी तिथे जाऊ नये, धक्के खाऊन परत यायचं आणि पाकिटाचा चुरा. भरपूर आणून वाळवायची असेल तर गोष्ट वेगळी.

पाकीट हातात घेतलं की आधी टोपीची कड बघा. कड किंचित खाली वळलेली असेल तर अळंबी योग्य वेळी तोडलेली आहे. कड वर उलटून फाटायला लागली असेल, खालच्या टोप्यांवर पांढरी पूड पडली असेल, तर ती जून झाली. ती पूड म्हणजे तिचे बीजाणू. विषारी नव्हे, पण चव आणि पोत गेलेला. मग पाकिटाच्या आत पाण्याचे थेंब आहेत का बघा. असतील तर ठेवून द्या. आणि वास घ्या: ताज्या धिंगरीला ओल्या लाकडासारखा सौम्य वास येतो. आंबट, मासळीसारखा किंवा नाकात झोंबणारा वास आला की संपलं, अर्धी निवडून वापरू असा विचारही नको.

एका गोष्टीला मात्र घाबरू नका. देठाच्या बुडाशी कापसासारखा पांढरा तंतू दिसला की लोक बुरशी आली म्हणून टाकून देतात. तो बहुतेक वेळा अळंबीचाच भाग असतो, ती मुळात बुरशीच आहे! पांढरा, कोरडा आणि विनावास असेल तर कापून पुढे चला. हिरवा, काळा किंवा बुळबुळीत असेल तर टाका.

दुसरी पायरी: ठेवणं

मी पहिल्यांदा केलेली चूक: पाकीट तसंच फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ढकललं. तिसऱ्या दिवशी आत पिवळसर चिकट गोळा. अळंबी तोडल्यावरही श्वास घेत असते, पाणी सोडत असते. बंद प्लास्टिकमध्ये ती स्वतःच्याच घामात कुजते. घरी आल्या आल्या पाकीट फोडा, कागदात सैल गुंडाळा आणि फ्रिजच्या मधल्या फळीवर ठेवा. चार-पाच दिवस छान राहते. बाहेर, ठाण्याच्या पावसाळी हवेत, एक दिवस म्हणजे डोक्यावरून पाणी. धुवायची ती शिजवायच्या आधीच, तीही वाहत्या पाण्याखाली झटपट. भिजत घालू नका.

आता आकडे, म्हणजे खरंच काय मिळतं

शंभर ग्रॅम ताज्या धिंगरीत जवळपास ८९ ग्रॅम पाणी. ऊर्जा ३३ किलोकॅलरी. प्रथिनं सव्वातीन ग्रॅम, चरबी अर्ध्या ग्रॅमहून कमी, तंतू सव्वादोन ग्रॅम. पोटॅशियम सुमारे ४२० मिलिग्रॅम, म्हणजे वजनाला वजन धरलं तर केळ्याहून थोडं जास्तच. नायसिन, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व, पाच मिलिग्रॅमच्या आसपास, आणि रायबोफ्लेव्हिन, म्हणजे बी-२, ०.३५ मिलिग्रॅम. भाजीच्या मानाने हे दोन्ही आकडे वरच्या रांगेतले. लोह १.३ मिलिग्रॅम, शिवाय थोडं तांबं आणि जस्त. सोडियम अगदी कमी, म्हणून रक्तदाबवाल्यांना सोयीची, अर्थात मीठ तुम्ही किती घालता त्यावर.

प्रथिनांबद्दल जरा थांबते, कारण 'मटणाइतकं प्रोटीन' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. त्याची गोम अशी की तिथे सुक्या वजनाचा आकडा दिलेला असतो. दहा किलो ताज्या धिंगरीची सुकी जेमतेम एक किलो होते. सुक्या वजनाच्या वीस ते तीस टक्के प्रथिनं हे बरोबर आहे, पण आपण ताटात पाण्यासकट खातो. दोनशे ग्रॅमचं अख्खं पाकीट एकट्याने संपवलंत तर साडेसहा ग्रॅम प्रथिनं, म्हणजे एका अंड्याएवढी. भारतीय शिफारशीप्रमाणे ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम लागतात. तेव्हा डाळ बंद करून अळंबी, हा व्यवहार तोट्याचा.

यात आणखी एक बारकावा आहे. प्रयोगशाळेत प्रथिनं थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. पण अळंबीच्या पेशीभित्तीत कायटिन असतं, तेच जे खेकड्याच्या आणि कोळंबीच्या कवचात असतं, आणि त्यातही नायट्रोजन असतो. म्हणून अळंबीसाठी बहुधा ४.३८ ने गुणतात. कुठल्या पाकिटावर डोळे दिपवणारा आकडा दिसला तर त्यांनी कुठल्या संख्येने गुणलं असेल, हा प्रश्न मनात येऊ द्या.

बी-१२ साठी शाकाहारी मंडळी अळंबीकडे आशेने बघतात. त्यावर विसंबू नका. मिळालं तरी नगण्य.

तिसरी पायरी: ऊन दाखवणं

ही पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि मला तीच सगळ्यांत मजेची वाटते.

वनस्पतींमध्ये नसलेला एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ अळंबीच्या पेशीत असतो. त्याच्यावर उन्हातले अतिनील किरण पडले की त्याचं ड-२ जीवनसत्त्व बनतं. आपल्या कातडीत उन्हाने ड-३ बनतं, तसाच हा प्रकार. शेडमध्ये अंधारात वाढलेल्या धिंगरीत ड जवळजवळ नसतं, पण तोडलेल्या, अगदी चिरलेल्या अळंबीतही हे रूपांतर होतं. म्हणजे काम तुमच्या गॅलरीत होऊ शकतं.

धिंगरीचे पंखे सुटे करा, मोठे असतील तर उभे फाडा आणि ताटात पापुद्रे वर करून पसरा. सकाळी अकरा ते दुपारी दोनच्या दरम्यान अर्धा ते एक तास थेट ऊन. इथे 'थेट' महत्त्वाचं. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन चालत नाही, काच नेमके हवे ते किरण अडवते. फ्लॅटमध्ये गॅलरी बंद करून घेतलेल्यांनी सरकती काच उघडून ताट बाहेरच्या बाजूला ठेवावं किंवा सरळ गच्चीवर जावं. कावळ्यांसाठी वर पुरणाची चाळण पालथी घातली तर थोडे किरण अडतील, पण भाजी तरी उरेल.

तासाहून जास्त कशाला नको? एक तर ती सुकायला लागते, आणि दुसरं म्हणजे बी-२ जीवनसत्त्व उजेडाने नासतं. एक कमवायला जाताना दुसरं घालवायचं नाही. ऊन दाखवलेली धिंगरी त्याच दिवशी करावी. तयार झालेलं ड ठेवून ठेवून हळूहळू कमी होतं, शिजवताना मात्र बरंचसं टिकतं. जून ते सप्टेंबर ढगांमुळे हा उद्योग अर्धवटच होतो. आणि रक्तात ड अगदीच खाली असेल तर डॉक्टरांनी दिलेला डोस घ्यायचा. गॅलरीतलं ताट त्याची जागा घेत नाही.

चौथी पायरी: शिजवणं, आणि नीट शिजवणं

सॅलडमध्ये कच्ची धिंगरी घालायची फॅशन आली आहे. ती आपल्या घरी नको. कच्च्या धिंगरीत ऑस्ट्रिओलायसिन नावाचं प्रथिन असतं, ते प्रयोगशाळेत तांबड्या रक्तपेशी फोडतं. उष्णतेने ते निकामी होतं. शिवाय कायटिनची ती चिवट भिंत शिजल्याशिवाय पोटाला झेपत नाही. अर्धकच्ची खाऊन रात्रभर पोट फुगलेले लोक मला माहीत आहेत, त्यातली एक मीच.

बुडाचा लाकडासारखा कडक भाग कापून टाका. पंखे सुरीने चिरण्यापेक्षा हाताने उभे फाडा, रेषेत सुंदर सुटतात. कढई चांगली तापवा, आधी तेल न घालता धिंगरी टाका आणि मोठ्या आचेवर परता. दोन मिनिटांत ती भरपूर पाणी सोडेल. ते पाणी ओतून देऊ नका! बी गटातली जीवनसत्त्वं आणि विरघळणारा तंतू त्यातच उतरलेला असतो. ते कढईतच आटू द्या, मग तेल आणि फोडणीचं साहित्य. उकळून, पिळून, पाणी सिंकमध्ये ओतून केलेली अळंबी म्हणजे चोथा खाणं.

आमच्या काकूंची पद्धत: कांदा-सुकं खोबरं भाजून वाटण, आगरी मसाला दोन चमचे, आमसूल, आणि धिंगरीचं सुकं. सोबत तांदळाची भाकरी. रविवारी चिकन नसेल तर त्यांच्याकडे हेच होतं आणि कुणी तक्रार करत नाही. आमच्या सासूबाई मात्र श्रावणात अळंबी घरात आणू देत नाहीत. त्यांच्या लेखी ती सामिषच. शास्त्राने बघितलं तर ती वनस्पतीही नाही आणि प्राणीही नाही, तेव्हा मी वाद घालत नाही.

एका माणसाला एका वेळी ऐंशी-शंभर ग्रॅम, आठवड्यातून दोन-तीनदा, हे प्रमाण आम्हाला मानवलं. पहिल्यांदा खाणाऱ्याने याच्या निम्मी खाऊन बघावी.

औषधी गुण: कुठे विश्वास ठेवायचा, कुठे थांबायचं

आता बाबांच्या गोळीकडे येते. लोव्हास्टॅटिन हे स्टॅटिन गटातलं बाजारात आलेलं पहिलं औषध. अमेरिकेत त्याला १९८७ मध्ये परवानगी मिळाली, आणि औषधासाठी ते मिळवलं गेलं ते ॲस्परजिलस टेरियस या दुसऱ्याच बुरशीतून. धिंगरीतही ते असतं. पण किती, हे जातीवर, ती कशावर वाढली त्यावर, केव्हा तोडली त्यावर बदलतं. गोळीत मात्रा मोजलेली असते, भाजीत नसते. इतकी साधी गोष्ट आहे.

याचा अर्थ धिंगरीचा कोलेस्टेरॉलवर काहीच परिणाम नाही, असंही नाही. बांगलादेशात मधुमेही रुग्णांना एक आठवडा धिंगरी दिली, एक आठवडा बंद केली आणि पुन्हा एक आठवडा दिली. खाण्याच्या आठवड्यांत साखर आणि कोलेस्टेरॉल उतरलं, मधल्या आठवड्यात चढलं. उत्साह वाटावा असंच आहे. पण रुग्ण शंभराच्या आत आणि काळ काही आठवड्यांचा. एवढ्यावर कुणी गोळी सोडू नये. या परिणामात बीटा-ग्लुकनचा वाटा असावा, ओट्समध्ये असतो त्या कुळातला तंतू. तो आतड्यात पाणी धरतो, साखर रक्तात जायचा वेग मंदावतो. मधुमेह्यांच्या ताटात धिंगरी बसते ती मुख्यतः यामुळे, आणि मुळात तिच्यात पिष्ट फारच कमी असल्यामुळे. बटाट्याच्या भाजीच्या जागी धिंगरी ठेवली तर फायदा दिसेल. बटाट्याच्या जोडीला ठेवली तर कशाचा?

धिंगरीतल्या बीटा-ग्लुकनला प्लुरान असं खास नाव आहे. वारंवार सर्दी-खोकला होणाऱ्या मुलांवर युरोपात त्याच्या चाचण्या झाल्या आणि निकाल बरे आले. मात्र त्यांना भाजी दिली नव्हती. काढलेला अर्क, ठरलेल्या मात्रेत, सोबत क जीवनसत्त्व. 'इम्युनिटी वाढवते' हे वाक्य तिथून सुटून भाजीच्या पाकिटावर येऊन बसलं आहे.

मला स्वतःला जास्त कुतूहल आहे ते एर्गोथायोनिनचं. पेशींची झीज रोखणारा हा पदार्थ आपलं शरीर बनवू शकत नाही, बुरशी आणि काही जिवाणूच बनवतात; आणि तरीही आपल्या पेशींवर तो आत घ्यायला खास दरवाजा आहे. ज्याच्यासाठी शरीराने दार ठेवलंय तो पाहुणा महत्त्वाचा असणार, असं संशोधकांना वाटतं. धिंगरी त्याच्या चांगल्या स्रोतांपैकी एक, आणि शिजवूनही तो बराच टिकतो. त्याने अमुक रोग बरा होतो असं मात्र कुणी सिद्ध केलेलं नाही, कॅन्सर तर नाहीच. अळंबीच्या कॅप्सूल विकणारे याच जागी आवाज चढवतात.

कुणी जपून

मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारूनच खावी. गाऊटवाल्यांनी बेताने, कारण तिच्यात प्युरीन आहेत, ज्यांपासून शरीरात यूरिक ॲसिड बनतं. अळंबीची ॲलर्जी असते. पहिल्यांदा खाऊन अंगावर गांधी उठल्या किंवा ओठ सुजले तर परत प्रयोग करू नका. आणि ज्यांना घरी पिशव्या टांगून धिंगरी वाढवायची हौस आहे त्यांनी एक ध्यानात ठेवावं: ही जात ढिगाने बीजाणू सोडते, आणि बंद खोलीत ते रोज श्वासात गेले तर फुप्फुसांना सूज येऊ शकते. दमेकऱ्यांच्या घरात, बेडरूमच्या गॅलरीत नकोच. इतरांनी मास्क लावून, कड वर उलटायच्या आत तोडणी करावी.

विकत घेतानाही कशावर वाढवली आणि पेंढा कसा शुद्ध केला, हे जमल्यास विचारा. गरम पाण्याने किंवा वाफेने करणारे आहेत, फॉर्मालिन आणि बुरशीनाशक वापरणारेही आहेत. शिवाय अळंबी ज्यावर वाढते त्यातले जड धातू ओढून घेते. माहितीतला उत्पादक मिळाला तर त्याला धरून ठेवा.

जुलैत येऊरच्या बाजूला फिरायला गेलं की ओंडक्यांवर हुबेहूब धिंगरीसारखे पंखे दिसतात. तोडू नका. एक तर ते राष्ट्रीय उद्यानाचं रान आहे, दुसरं म्हणजे 'हुबेहूब' हा शब्दच घातकी. जपानमध्ये २००४ साली पंखासारख्या दिसणाऱ्या एका पांढऱ्या रानअळंबीने १७ माणसं गेली, आणि ती तिथे वर्षानुवर्षं खाल्ली जाणारी अळंबी होती. गेलेल्यांत बरेच जण मूत्रपिंडाचे रुग्ण होते. चांदीचं नाणं काळं पडतं, लसूण निळा होतो, किड्याने खाल्ली म्हणजे चालते, या सगळ्या परीक्षा निरुपयोगी आहेत. सर्वांत घातक अळंब्यांचं विष शिजवूनही जात नाही आणि त्रास सुरू व्हायला सहा-बारा तास लागतात, तोवर यकृताचं नुकसान सुरू झालेलं असतं. आपल्याकडच्या आदिवासी बायका पिढ्यान्‌पिढ्या ओळखून रानअळंबी काढतात. ती ओळख मोबाईलवरच्या फोटोने येत नाही. रानातलं खाऊन उलट्या झाल्या तर उरलेला तुकडा सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा.

शेवटची पायरी: वाळवण

ऑक्टोबरचं ऊन किंवा फेब्रुवारी-मार्चची कोरडी हवा यासाठी उत्तम. फाडलेले पंखे एका थरात सुती कापडावर पसरा, पहिला तास पापुद्रे वर. संध्याकाळी आत घेऊन पंख्याखाली. दोन-तीन दिवसांत काडीसारखा कट्कन मोडेल इतका कोरडा झाला पाहिजे. नुसता वाकला तर अजून ओल आहे आणि बरणीत बुरशी येणार. ओव्हन असेल तर ५० अंशांच्या आसपास, दार किंचित उघडं ठेवून. पावसाळ्यात उन्हाच्या भरवशावर वाळवू नका, मी दोनदा करून फेकलं आहे.

घट्ट झाकणाची काचेची बरणी, अंधारातला कप्पा, चार-सहा महिने निर्धास्त. थोडी मिक्सरमधून पूड करून ठेवा. थालीपिठाच्या पिठात दोन चमचे घातले तर कुणाला कळतही नाही, फक्त 'आज काय वेगळं घातलंस' एवढं विचारतात. अख्खे तुकडे वापरायचे तर कोमट पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं भिजवा. भिजवलेलं पाणी खाली बसू द्या, तळाचा गाळ सोडून वरचं गाळून घ्या आणि आमटीत ओता. बाबांना ती आमटी फार आवडते. जेवण झालं की खणातली पट्टी मी त्यांच्यासमोर ठेवते.